दोन नद्यांमधली माणसं

नातू न्यू जर्सीत सहावीला आहे. त्याच्या शाळेत 'आपले राज्य' असा प्रकल्प होता, तो त्याने मला फोनवर वाचून दाखवला. राजधानी ट्रेंटन, पूर्वेला हडसन नदी आणि समुद्र, पश्चिमेला डेलावेअर नदी, लोकसंख्या २०२० च्या जनगणनेप्रमाणे ९२ लाख ८८ हजार, अमेरिकेतले सर्वांत दाट वस्तीचे राज्य. सगळे संपल्यावर म्हणाला, "आजी, आता तुझ्या स्टेटचं सांग."

आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या बाईला असे विचारू नये! पण सबंध महाराष्ट्र सांगत बसले असते तर रात्र सरली असती (माझी, त्याची सकाळ होती). म्हणून आमच्या बारामती-इंदापूरवर भागवले. आधी एक आकडा ऐकवला. २०११ साली एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख २९ हजार माणसे होती. त्याच्या अख्ख्या राज्याहून जास्त, आणि तीही कमी जागेत. त्याला काही केल्या खरे वाटेना. गूगलवर बघून आला तेव्हा कुठे पटले.

तर मंडळी, त्याला जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

इंदापूर तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघी भेटतात त्या टोकावर नीरा नरसिंहपूर. बारामती त्याच्या पश्चिमेला. तिलाही खाली नीरा आहेच, शिवाय गावातून कऱ्हा जाते. इतक्या नद्या असूनही मुलूख मूळचा कोरडाच, कारण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. १८८० च्या दशकात इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला आणि चित्र बदलले. वर्गात मी फळ्यावर निळ्या खडूने त्या कालव्याची रेघ ओढत असे. रेघेच्या खाली, नदीकडे, बागायत. वर, सुपे, मोरगाव, लोणी भापकरकडे, जिरायत. खाली ऊस, वर ज्वारी-बाजरी. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे धनगर बहुतेक वरच्या भागातले. मुलीसाठी स्थळ पाहतानासुद्धा आमच्याकडे आधी विचारतात, "गाव बागायतीतलं का जिरायतीतलं?" पत्रिका नंतर.

पाणी आले तशी माणसेही आली. सासवडचे माळी कालव्याच्या काठाकाठाने खाली सरकले, खंडाने जमिनी घेऊन ऊस करू लागले, आणि पुढे नीरेपलीकडे माळीनगरला त्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. मग सहकारी कारखाने आले, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. आता बारामतीच्या एमआयडीसीत हिंदी इतकी कानावर पडते की भाजीवालीसुद्धा आधी "कितना चाहिये" म्हणते. मला वाईट वाटत नाही. इथला 'मूळचा' कोण, हे मला तरी सांगता येणार नाही.

पाण्याने माणसे हलवलीसुद्धा. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमाकाठची आमची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. लोक फोटो काढायला जातात. भिगवणला फ्लेमिंगो बघायला तर पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. ज्यांची काळी जमीन त्या पाण्याखाली आहे ती म्हातारी माणसे मात्र तिकडे फिरकत नाहीत. असो.

नातवाचा पुढचा प्रश्न होता, "किती लोक राहतात?" आता आली का पंचाईत! कारण मोजता कधी, यावर ते आहे.

मास्तर-बाई म्हटल्या की जनगणना चुकत नाही. २००१ च्या फेब्रुवारीत, ९ ते २८ तारखेपर्यंत, मी दारोदार फिरले. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. बीड, नगरकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्या शेतात पडलेल्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर इथेच. नियम असा की, ते वीसही दिवस जो घराबाहेर आहे, त्याला तो जिथे असेल तिथेच मोजायचा. एक आष्टीची बाई पाचटाच्या कोपीत भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, हितलं कशाला लिवता? आमचं गाव लिवा. तिकडं म्हातारी हाय, घर हाय." मी तिला नियम समजावला. जन्मगाव वेगळ्या रकान्यात लिहीन, असेही सांगितले. ती गप्प झाली, पण तिचे समाधान झाले नव्हते.

नियम बरोबरच आहे. पण २०२० मध्ये मुलाने अमेरिकेतला फॉर्म भरताना सांगितले की 'एशियन इंडियन' या चौकोनात खूण केली, तेव्हा मला ती बाई आठवली. न्यू जर्सीत अशी खूण करणारे चार लाखांवर निघाले, म्हणजे जवळजवळ बारामती तालुक्याएवढे! त्या चार लाखांत आमची चार माणसे आहेत. आमच्याकडच्या गणतीत घरापुढे आकडा येईल तो एक.

आपली २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली, आता ती २०२७ ची ठरली आहे. यावेळी जातही विचारणार. माणसे मोजायची ती पुन्हा फेब्रुवारीतच. माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिच्या डोक्यावर हे काम येणारच. तिला आत्ताच सांगून ठेवले आहे, कोप्यांवर पहाटे पाचच्या आत जा. दिवस उजाडला की टोळी फडात गेलेली असते, कोपीत फक्त लेकरं सापडतात, आणि त्यांना आपलं गाव विचारलं की ती कारखान्याचं नाव सांगतात.