काळा चष्मा

आमच्या नाकावर चष्मा चढला त्याला आतां बेचाळीस वर्षें झालीं. पण काळा चष्मा आम्हीं कधीं चढविला नव्हता. याचीं दोन कारणें आम्ही लोकांना सांगत असूं. एक असें कीं, उणे साडेचार नंबरच्या मनुष्यानें बाजारांतील साधा गॉगल लावला म्हणजे ऊन जातें हें खरें, पण उन्हाबरोबर रस्ता, रस्त्यावरील माणसें आणि दुकानांवरील पाट्याहि जातात. दुसरें असें कीं, अध्यापकानें आपले डोळे झांकूं नयेत. ज्याचे डोळे दिसत नाहींत त्याच्या बोलण्यावर शेवटच्या बांकावरचा विद्यार्थी विश्वास ठेवीत नाहीं, असें आमचें मत होतें व अजूनहि आहे. तिसरें एक कारण होतें; तें आम्ही कोणालाच सांगत नव्हतों.

गेल्या वैशाखांत सांगलीहून कोल्हापूरला परत येत असतां या मतांची परीक्षा झाली. वळवाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. वेळ सायंकाळची आणि कोल्हापूर पश्चिमेस. तेव्हां मावळता सूर्य समोर होता, आणि ओल्या डांबरी रस्त्यावर त्याचा दुसरा भाऊ पसरला होता. डोळे किलकिले करून आम्ही मोटार हांकीत होतों. त्या झळाळींतून एकाएकीं एक सायकल आणि तिच्यावरचा गवताचा भारा निर्माण झाला. निर्माण झाला हाच शब्द खरा, कारण आदल्या क्षणापर्यंत तो आमच्यापुरता तेथें नव्हता. ब्रेक वेळेवर लागला. सायकलवाला बचावला, भारा मात्र रस्त्यावर पडला. त्यानें आमच्या पांढऱ्या केसांकडे एकवार पाहिलें आणि विचारलें, "दिसत न्हाई व्हय?" प्रश्नांत राग थोडा होता, चौकशी अधिक होती. आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. शेजारीं बसलेली आमची कन्या मुकाट्यानें उतरली व त्याला भारा बांधूं लागली.

दुसऱ्या दिवशीं नेत्रवैद्यांनीं डोळ्यांत दिवा टाकून पाहिलें आणि मोतीबिंदूची किंचित् सुरुवात असल्याचें सांगितलें. डोळ्यांतील भिंग गढूळ होऊं लागलें म्हणजे आंत शिरणारा प्रकाश तेथेंच विखुरतो, आणि म्हणून समोरचें ऊन आम्हांला इतरांपेक्षां अधिक दिपवितें, असें त्यांनीं समजावून दिलें. शस्त्रक्रियेची घाई नव्हती. चिठ्ठीवर मात्र त्यांनीं 'नंबरचा गॉगल' असें स्पष्ट लिहिलें. औषधाच्या चिठ्ठीवर गॉगल हा शब्द आम्हीं प्रथमच पाहिला.

नंतरच्या रविवारीं कन्येसह आम्ही चष्म्याच्या दुकानांत गेलों. आमची समजूत अशी कीं, काळा म्हणजे काळा, त्यांत निवडावयाचें काय? दुकानांतील तरुणानें ती अर्ध्या घटकेंत दूर केली. त्यानें आधीं सर्वांत गडद कांच पुढें केली. तिच्यांतून शंभरांपैकीं तीन ते आठ भागच प्रकाश आंत येतो; ती बर्फाच्या मुलुखांतली, आणि ती लावून मोटार हांकणें योग्य नव्हे. आठ ते अठरा भाग प्रकाश सोडणारी कांच आपल्या उन्हाला पुरते. पण गडदपणा आणि सुरक्षितता यांचा संबंध आम्ही समजत होतों तसा मुळींच नाहीं, हें आम्हांला येथें नव्यानें कळलें. डोळ्यांना अपाय करणारे अतिनील किरण अडविण्याचा गुण काळ्या रंगांत नसतो. तो कांचेच्या द्रव्यांत किंवा तिच्यावरील लेपांत असतो, आणि अगदीं पांढऱ्या कांचेंतहि असूं शकतो. उलट, कांच नुसतीच काळी असली म्हणजे अंधार झाला असें समजून डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि उघड्या डोळ्यापेक्षां अधिक अतिनील प्रकाश आंत घेते. 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविणारी कांच मागावी, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे. पदपथावरून घेतलेला गॉगल मुलांच्या डोळ्यांवर चढविणाऱ्या आईबापांना हें कोणीतरी सांगावयास हवें.

रंगाविषयीं कन्येचें आणि आमचें जमेना. तिला तपकिरी आवडला. तपकिरी कांचेंतून सगळें जग कसें उबदार दिसतें हें खरें; पण ती लावून आम्हीं दुकानाबाहेरच्या गुलमोहराकडे पाहिलें तेव्हां त्याचा रंग बदललेला दिसला. करडी कांच सर्वच रंग सारख्या प्रमाणांत मंद करते. तिच्यांतून गुलमोहर गुलमोहरच राहिला. आम्हीं करडी घेतली. उन्हांत आपोआप काळी होणारी कांचहि पुढें आली. अमेरिकेंतील कॉर्निंग या कारखान्यांत 1964 च्या सुमारास तशी कांच प्रथम तयार झाली. कल्पना मोहक आहे. पण ती कांच अतिनील किरणांनीं काळी होते, आणि ते किरण मोटारीची पुढची कांच बव्हंशीं बाहेरच अडविते. म्हणजे जेथें चाकरी करावयाची तेथेंच ही रजेवर! आम्हीं तिला नम्रपणें परत केलें.

अखेर आमचें मन बसलें तें पोलराइज्ड कांचेवर. पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून उसळणाऱ्या प्रकाशाचें कंपन मुख्यतः आडवें असतें. ही कांच आडवें कंपन अडवून उभें तेवढें आंत सोडते. 1808 सालीं पॅरिसमध्यें मालूस नांवाच्या एका फ्रेंच शास्त्रज्ञानें लक्झेंबूर राजवाड्याच्या खिडक्यांवरून उसळलेला मावळतीचा प्रकाश एका स्फटिकांतून पाहिला, आणि स्फटिक फिरवितांच तो कमीजास्त होतो असें त्याला दिसलें. पुढें 1929 सालीं एडविन लँड यानें हाच गुण असलेल्या पातळ पडद्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला. मावळतीच्या ज्या झळाळीनें आमचा सायकलवाला गिळला होता, तिचाच हा इतिहास निघाला. या कांचेंत एक खोड आहे. मोबाईल विशिष्ट कोनांत धरला तर त्याचा पडदा काळाठिक्कर दिसतो. आमच्या मतें ही खोड नव्हेच.

राहिली फ्रेम. गालांना वळसा घालून कानापर्यंत जाणाऱ्या रुबाबदार फ्रेमा आमच्या नंबरला वर्ज्य ठरल्या. इतकी वाकलेली कांच साडेचार नंबराची केली म्हणजे कडेचें जग तिरपें होतें. फार मोठी फ्रेमहि नको, कारण उणे नंबराची कांच कडेला जाड होत जाते. वाचनाचा नंबर आम्हीं त्यांत घातला नाहीं. बारीक अक्षर आलें कीं चष्मा काढून पुस्तक नाकाजवळ नेणें हा आमचा जुना उपाय आहे. शेवटीं एक साधी, काळी, चौकोनी फ्रेम उरली. ती लावून आम्हीं आरशांत पाहिलें. आरशांत अण्णा उभे होते.

अण्णा म्हणजे आमचे वडील. खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. 1984 सालीं मिरजेस त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आज डोळ्यांत कृत्रिम भिंग बसवितात. अण्णांच्या डोळ्यांतलें भिंग नुसतेंच काढलें, आणि जाड चष्मा मिळेपर्यंत बाजू झांकलेला एक काळा गॉगल दिला. एस्. टी. च्या थांब्यापासून घरापर्यंत त्यांना हात धरून नेण्याचें काम आमच्याकडे होतें. आम्ही चौदा वर्षांचे होतों. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर वर्गांतले चौघे बसले होते. त्यांपैकीं एक ओरडला, "व्हिलन आला रे!" सगळे हंसले. आम्हीं अण्णांचा हात सोडला, आणि पिशवी घेऊन दहा पावलें पुढें चालूं लागलों. मारुतीच्या देवळापाशीं मागें त्यांची ठेंच लागल्याचा आवाज आला. आम्हीं वळून पाहिलें नाहीं. घरीं आईनें अंगठ्याचें रक्त पुसतां पुसतां विचारलें तेव्हां ते म्हणाले, "पायरी होती. ध्यानांत आली नाही." आमच्याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, त्या दिवशींहि नाहीं, पुढें बावीस वर्षें जगले त्यांतहि नाहीं.

"बाबा, आवडली नाही का? दुसरी बघू या," कन्या म्हणाली. आम्हीं तीच फ्रेम बांधावयास सांगितली.

आठ दिवसांनीं चष्मा आला. सायंकाळीं तो लावून आम्ही दोघें रंकाळ्यावर गेलों. सूर्य तळ्यापलीकडे उतरत होता. चष्म्याशिवाय पाहिलें तर पाणी नुसतें चकाकत होतें. चष्मा लावतांच कांठाजवळची चकाकी गेली आणि पाण्याखालचे दगड, त्यांवरचें शेवाळ, एक बुडालेला नारळ, असें सगळें दिसूं लागलें. आम्ही बराच वेळ चष्मा लावीत व काढीत उभे होतों. शेजारचा भेळवाला आमच्याकडे संशयानें पाहूं लागला, तेव्हां निघालों.

कांठावरून खालीं उतरतांना कन्येनें एकदम आमचा दंड धरला. "बाबा, पायरी आहे हं."

पायरी आम्हांला अगदीं स्वच्छ दिसत होती. पण आम्हीं तसें तिला सांगितलें नाहीं.