‘बरा आहे, पण–’

चित्रपट पाहून घरी आलेल्या मनुष्याला ‘कसा काय वाटला?’ असे विचारावे आणि त्याने ‘उत्तम!’ एवढेच बोलून मोकळे व्हावे, हा प्रकार निदान आमच्या कोल्हापुरात तरी मी फारसा पाहिलेला नाही. ज्याचे डोळे अजून ओलावलेले आहेत तोही चपला काढता काढता क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘चांगला आहे, पण मध्यंतरानंतर जरा लांबला.’ ज्याला बसल्या जागी दोनदा डुलकी लागली, तो ‘अगदीच टाकाऊ’ असे म्हणत नाही. ‘एकदा पाहायला हरकत नाही’ असा निकाल देतो. आपल्या भाषेत स्तुतीचे आणि निंदेचे शब्द इतके विपुल असताना चित्रगृहाबाहेर पडलेला सुशिक्षित गृहस्थ ‘पण’, ‘मात्र’, ‘तसा’ आणि ‘त्या मानाने’ या चार खुंट्यांनाच आपले मत टांगून ठेवतो.

‘सुशिक्षित’ हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. अगदी पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाला या खुंट्यांची गरज भासत नाही. तो ‘लई भारी’ म्हणतो, नाहीतर अर्ध्यातून उठून खासबागेकडे भेळ खायला जातो. मला त्याचा अनेकदा हेवा वाटला आहे.

याचे एक कारण आमच्या गावाच्या इतिहासात आहे असे मला वाटते. ज्या गावी चित्रपट नुसते लागतात, तेथे माणसे मोकळेपणाने बोलू शकतात. ज्या गावी ते तयार होतात, तेथे जीभ जपून वापरावी लागते. बाबूराव पेंटरांनी स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्याच्या बळावर येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचे ‘सैरंध्री’ हे चित्र 1920 साली पडद्यावर आले आणि लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. त्याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या मंडळींनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साहाय्याने 1 जून 1929 रोजी प्रभात फिल्म कंपनी काढली. ती 1933 साली पुण्याला गेली तरी गावाने तिला परकी मानले नाही. सासरी गेलेली मुलगी मानली. भालजी पेंढारकर तर पुढे कितीतरी वर्षे येथेच होते. अशा गावात कोणाचा तरी मामा पडदे रंगवीत असे, कोणाचा भाचा दिवे धरीत असे, आणि शेजारचा सुतार दिवसा रजपुतांचे महाल उभारून संध्याकाळी आमचा मोडका पाट दुरुस्त करीत असे. त्याच्यादेखत ‘महाल खोटा दिसतो’ असे कोण म्हणणार? ‘महाल सुरेख, उजेड मात्र थोडा कमी पडला’ असे म्हणावे, म्हणजे दोष दिवेवाल्याकडे जातो. आणि तो तर दुसऱ्या पेठेत राहतो!

आमच्या वाड्यातील एक भाडेकरू 1965 सालच्या ‘साधी माणसं’मध्ये गर्दीत उभे राहिले होते. त्यांचे त्या चित्राविषयीचे मत अखेरपर्यंत कायम होते : ‘चित्र अव्वल. गर्दी मात्र आणखी थोडा वेळ दिसायला हवी होती.’

परंतु या ‘पण’मध्ये केवळ भिडस्तपणा असतो असे समजणे चुकीचे ठरेल. एकत्र कुटुंबात जे सरळ बोलता येत नाही, ते बोलण्याची ती एक वाट असते. माझ्या आजीची, म्हणजे आम्ही सारे जिला माई म्हणत असू तिची, गोष्ट मला आत्याने सांगितली.

माई 1930 साली, चौदा वर्षांची असताना, बिजवराला दिलेली. आजोबा दरबारी कारकून होते, वय चौतीस. पहिल्या बायकोची मुलगी, म्हणजे माझी आत्या, माईंहून अवघ्या चार वर्षांनी लहान. आजोबांना ‘प्रभात’चे फार वेड. त्यांनी 1936 साली ‘संत तुकाराम’ सहकुटुंब तीनदा पाहिला होता आणि विष्णुपंत पागनिसांचे नाव घेताना ते हात जोडीत. त्यामुळे पुढल्या वर्षी ‘कुंकू’ लागला, तेव्हा नाव मंगल आणि कंपनी घरची, एवढ्या भरवशावर त्यांनी सगळ्या घराची तिकिटे काढली. कथा काय आहे याची चौकशी करण्याचे त्यांना सुचलेच नाही.

ज्यांनी ‘कुंकू’ पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. मामाने फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मनाने मानीतच नाही. सासरी राहते, पण त्याची पत्नी होण्याचे नाकारते. शांता आपट्यांनी ती नीरा अशी उभी केली आहे की तिच्या ताठ मानेकडे पाहताना आजही अंगावर काटा यावा. केशवराव दात्यांचे काकासाहेब दुष्ट नाहीत, हे तर अधिकच जीवघेणे. घरात त्यांची मोठी झालेली विधवा मुलगी आहे. ती येते आणि वडिलांना स्पष्ट बोलते. आमच्या घरची मंडळी एका रांगेत बसलेली : आजोबा, मग माई, मग आत्या. आत्या सांगे, मध्यंतरात कोणीही शेंगदाणे घेतले नाहीत.

परत येताना टांग्यात कोणी बोलले नाही. घरी आल्यावर पणजीबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारले, ‘कसा होता गं खेळ?’

आजोबा म्हणाले, ‘केशवरावांचे काम उत्तम. रंगभूषा मात्र जास्त झाली. इतका म्हातारा दाखवायला नको होता.’

माई म्हणाली, ‘चांगला होता. पडदा जरा मळका होता.’

आणि ती भाकऱ्या करायला चुलीपुढे बसली. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे आजोबा बराच वेळ सोप्यावर येरझारा घालीत होते. सात वर्षांत त्या दोघांनी एकमेकांशी याहून अधिक स्पष्ट बोलल्याचे तिला आठवत नव्हते. पुढच्या जूनमध्ये आजोबांनी व्हर्नाक्युलर फायनलची पुस्तके आणून देवघराच्या कोनाड्यात ठेवली. ‘कोणासाठी?’ असे पणजीबाईंनी विचारले, तेव्हा ‘पडून राहू द्या, कोणी वाचील’ एवढेच म्हणाले. माईने ती वाचली, परीक्षा दिली, आणि पुढे एकोणीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकविले. हे ‘कुंकू’मुळे झाले असे आत्या छातीठोकपणे सांगे. मी एकदा माईलाच विचारले, तर ती म्हणाली, ‘सिनेम्याने काय होतंय? पण शांता आपटे गायली छान होती हो!’

तिच्या त्या ‘पण’चा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही.

चित्रे नाहीशी होतात, हेही येथे सांगितले पाहिजे. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी बहुतेक आज कोणालाही पाहायला मिळणार नाहीत. 1925 सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामांनी केले होते, कर्जापायी जमीन गमावून तो शहराची वाट धरतो, ही ती कथा. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे, त्यावरून रोज हजारो वाहने जातात. पण माझ्या पणजोबांचे त्या चित्राविषयीचे मत मात्र आमच्या घरी शाबूत आहे : ‘गोष्ट खरी आहे, पण पैसे देऊन खरे कशाला पाहायचे?’ पणजोबांचा स्वतःचा थोडा देवघेवीचा व्यवहार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मताची गोडी वाढते.

आमचे थोरले काका पुस्तकप्रेमी. कोणतेही चित्र पाहून ‘मूळ कादंबरी अधिक सरस’ असे म्हणण्याचा त्यांचा परिपाठ. ‘कुंकू’विषयीही ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ पुढे करून ते वाद घालीत. मूळ कादंबरीच नसेल तर ते अस्वस्थ होत.

2016 साली ‘सैराट’ आला. घरातली आम्ही अकरा माणसे मिळून पाहायला गेलो. त्या शेवटच्या दृश्यानंतर, जेथे ते पोर रक्ताची पावले उमटवीत निघते, चित्रगृहात कोणी उठेना. घरी येऊन जेवणे झाली, आणि मग नेहमीची मते सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, संगीत छान, पण कर्कश. माझे धाकटे बंधू सुपारी कातरीत म्हणाले, ‘चित्र प्रभावी आहे, पण शेवट इतका भीषण दाखवायला नको होता.’

त्यांची मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती. ती म्हणाली, ‘बाबा, दाखवायला नको होता, की व्हायला नको होता?’

अडकित्ता थांबला. ‘व्हायला तर नकोच,’ बंधू म्हणाले.

दोन महिन्यांनी तिने एका मुलाचे नाव सांगितले. तो तिच्याच कचेरीत होता आणि आमच्या जातीचा नव्हता. तीन दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा होत असे. वहिनींनी एकादशी नसताना उपास केला. चौथ्या दिवशी मुलगा भेटायला आला, चहा घेऊन गेला. बंधूंनी त्याला दारापर्यंत पोहोचविले, परत येऊन झोपाळ्यावर बसले आणि मुलीला हाक मारली.

‘मुलगा चांगला आहे,’ ते म्हणाले, ‘पण–’

आम्ही सारे आपापल्या जागी थबकलो. वहिनींच्या हातातले निवडायचे तांदूळ ताटातच राहिले.

‘पण उंचीने जरा कमी वाटला.’