छकडा की टायरगाडी?

दोन आठवडे रोज रात्री जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या जाहिराती बघतोय. (बायकोला वाटतं ऑफिसचं काम चाललंय.) गाळून गाळून दोन उरल्या. दोन्ही २००५ च्या: ब्रिटिश लोटस एलिस आणि आमच्या इकडची, म्हणजे अमेरिकन, शेव्हरोले कॉर्व्हेट.

आकडे सांगतो, खोडच आहे ती. एलिस: १.८ लिटरचं टोयोटाचं इंजिन, १९० अश्वशक्ती, वजन जेमतेम ९०० किलो. कॉर्व्हेट: ६ लिटरचं व्ही-८, ४०० अश्वशक्ती, वजन साधारण १४५० किलो. भागाकार केला तर एलिसच्या एका घोड्याच्या वाट्याला पावणेपाच किलो, कॉर्व्हेटच्या घोड्याला साडेतीनच्या आसपास. सरळ रस्त्यावर विषय संपला!

पण सॅन होजेजवळ माउंट हॅमिल्टनचा घाट आहे, वळणंच वळणं. तिथे ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांकडे सरकतं, आणि मग हा भागाकार कामाचा नाही. हे मला कॉलेजात नाही, कोऱ्हाळे बुद्रुकला कळलं. आमचा ऊस सोमेश्वर कारखान्याला जायचा. भरलेली टायरगाडी सपाटीला बैल आरामात ओढायचे. उतार लागला की तोच ऊस मागून बैलांना रेटायचा, जू मानेवर चढायचं, आणि अण्णा खाली उतरून बैलांच्या तोंडापुढे उभे राहायचे. शर्यतीचा छकडा मात्र दोन माणसं उचलून बाजूला ठेवत. लोटसच्या कॉलिन चॅपमनने आयुष्यभर छकडेच बनवले म्हणा ना.

अण्णा सध्या इकडे आलेत. त्यांना एलिस दाखवायला नेलं. तिचा उंबरा चांगलाच उंच आणि रुंद. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एक पाय आत टाकला. दुसरा गुडघा काही वाकेना.

"आरं, ह्येच्यात बसायचं का ही अंगात घालायची?"

मग बाहेरूनच भोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात फिरवला. "छकड्यागत हाय. पळंल ही."

कॉर्व्हेटमध्ये ते बसले. तीही बुटकीच, पण दार मोठं. सीटवरून हात फिरवत म्हणाले, "हितं बरं वाटतंय."

एलिसवाला सोमवारपर्यंत थांबतो म्हणालाय. अण्णांचं परतीचं विमान वीस तारखेला आहे.