इंजिन बांधावे की बदलावे?

मोटारीचे इंजिन निकामी झाले की मालकापुढे तीन वाटा उरतात : तेच इंजिन खोलून पुन्हा बांधणे, दुसरे इंजिन आणून बसवणे किंवा गाडीच भंगारात काढणे. हा प्रश्न बहुधा हिशेबाच्या भाषेत मांडला जातो. दुरुस्तीचा खर्च एका बाजूला, गाडीची बाजारातील किंमत दुसऱ्या बाजूला आणि कमी तोटा जिकडे, तिकडे कौल. हिशेब आवश्यक आहेच, परंतु तो पुरेसा नाही. कारण प्रत्येक वाटेवर काही गोष्टी मालकाला ठाऊक असतात, काही कधीच ठाऊक होणार नसतात आणि त्या अज्ञाताची जबाबदारी उद्या कोण घेणार, यावर निर्णयाचा बरेवाईटपणा ठरतो.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा हे महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा लागतो, त्यामुळे येथील रस्त्यावर ‘एमएच 36’ आणि ‘एमपी 50’ अशा दोन्ही पाट्यांची वाहने नित्याची आहेत. अशा गावात चारचाकी ही हौसेची वस्तू फार काळ राहत नाही. तुमसरच्या बाजारपेठेत जाणे, आजाऱ्याला रात्रीबेरात्री दवाखान्यात पोचवणे, लग्नसराईत चार फेऱ्या भाड्याने मारणे ही सारी कामे ती करते. दुसरीकडे, हा धानाचा मुलूख असल्याने घरात मोठी रक्कम येते ती खरिपाचा धान कापून, चुरून, विकून झाल्यावर. इंजिन मात्र हंगाम पाहून बिघडत नाही. तालुक्याच्या गावचा मिस्त्री एकदा हेड उतरवतो, पैसे आले की पुढचे काम करतो. बदली इंजिनाला मात्र रोकड एकदम मोजावी लागते. दुरुस्तीकडे झुकणारा कौल येथे बचतीच्या स्वभावातून येतो तितकाच पैशाच्या या चालीतूनही येतो.

तथापि ‘इंजिन गेले’ या एकाच वाक्यात अनेक वेगवेगळे आजार दडलेले असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, सर्वाधिक आढळणारा आजार अतितापाचा. अनेक इंजिनांत खालचा ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन खालीवर होतात तो भाग, बिडाचा असतो आणि त्यावरचे झाकण म्हणजे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतलेले, रेडिएटर गाळाने भरलेला, अशा गाडीत हे हेड वाकते, मधले गॅस्केट फुटते आणि पाणी ऑइलमध्ये मिसळून त्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होतो. हा बिघाड भयंकर दिसतो, पण तो मोजता येतो. मिस्त्री हेड स्वच्छ करून त्यावर एक सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी आणि तिरकी धरतो, पट्टीखाली फिलर गेजची पातळ पाती सरकवून पाहतो आणि 0.05 मिलिमीटरची पाती सहज आत गेली तर बहुतेक हेडच्या बाबतीत लेथवर ‘फेस’ मारून घेण्याचा सल्ला देतो. खाली बोअरची तपासणी याच काटेकोरपणे व्हावी लागते : वर, मध्ये आणि तळाशी, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी व्यास मोजला की झीज किती आणि बोअर कितपत लंबगोल झाला, हे कळते. झीज मर्यादेत असेल तर रिंगा बदलून भागते. त्यापुढे बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन किंवा नवी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, घालावी लागते. क्रँकशाफ्ट खरवडली असेल, ब्लॉकला तडा गेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च झपाट्याने वाढत जातो. म्हणून न खोललेल्या इंजिनाविषयी दिलेला निर्णय हा निर्णय नसतो, तो अंदाज असतो.

पाण्याने होणारे नुकसान याहून फसवे असते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, तसेच ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराच्या विसर्गानंतर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला तेव्हा, पाण्यात बुडालेल्या गाडीचे काय करावे, हा प्रश्न कुणा एकट्यादुकट्याचा राहिला नाही. बुडालेले इंजिन सुरू केले नाही तर पुष्कळदा वाचते. सुरू केले तर मात्र हवेसारखे न दबणारे पाणी पिस्टनच्या वाटेत उभे राहते आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याची नेहमीची पॉलिसी अशा नुकसानीला परिणामजन्य ठरवून सामान्यतः नाकारते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. दावा मान्य झाला तरी साध्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षे जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के आणि त्याहून जुन्या गाडीवर 50 टक्के घसारा कापला जातो. शिवाय दुरुस्ती विमा उतरवलेल्या मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेली की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. म्हणजे नुकसान कशाने झाले आणि त्यानंतर मालकाने काय केले, यावर खर्च कोणाच्या माथी बसणार, हे अवलंबून असते.

दुसरे इंजिन घेण्याची वाट सोपी वाटते, कारण तिच्यात वाट पाहणे कमी. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर किंवा दिल्लीच्या मायापुरीत अपघातातील गाड्यांची इंजिने मिळतात. पण त्या इंजिनाचा पूर्वेतिहास कुणाला ठाऊक नसतो. ते किती तापले, किती दिवस ऑइलविना फिरले, हे बाहेरून दिसत नाही. शिवाय उपलब्धताही कायमची नसते. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसलेले, पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही तयार झालेले फियाटचे 1,248 सीसीचे डिझेल इंजिन 2020 मध्ये बीएस-6 निकष आल्यावर भारतीय गाड्यांतून मागे पडले. आता त्याचा जुना साठा वाढणार नाही, उलट दरवर्षी अधिक झिजलेला मिळणार. याच्या जोडीला कायद्याचीही अट आहे : मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिन बदलल्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन नवा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात चढवावा लागतो. खरेदीची पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रे नसलेले इंजिन स्वस्त मिळते, परंतु ते चोरीच्या गाडीचे निघाल्यास ही स्वस्ताई महागात पडते. सर्वांत मोठा तोटा असा की, बदली इंजिन रोगाचे कारण घेऊन जात नाही. गाळाने भरलेला तोच रेडिएटर कायम ठेवला आणि काढून फेकलेला थर्मोस्टॅट पुन्हा बसवला नाही तर नवे इंजिन जुन्याच वाटेने जाते.

यावरून दोन्ही बाजूंचे अज्ञान वेगळे करता येते. बांधलेल्या इंजिनाचा इतिहास मालकाला माहीत असतो, कारागिरी मात्र काळाच्या कसोटीला उतरायची असते. आणलेल्या इंजिनाची जुळणी कारखान्यातील असते, इतिहास मात्र अंधारात असतो. बपेऱ्यासारख्या गावात पहिल्या अज्ञानाला एक चेहरा असतो. मिस्त्री त्याच तुमसर-बपेरा मार्गावर राहतो, त्याच बाजारात भेटतो, काम फसले तर गाडी त्याच्याच दारात पुन्हा उभी राहते आणि पुढचे दहा गिऱ्हाईक त्यावरच ठरतात. दूरच्या भंगार बाजारातील विक्रेत्याला हा धाक नसतो. शहरातील विद्वत्तेला गावची दुरुस्ती ही अनेकदा केवळ गरिबीची तडजोड वाटते. प्रत्यक्षात उत्तरदायी माणूस जवळ असणे ही लेखी हमीच्या तोडीची गोष्ट आहे आणि तिला मोल आहे.

तरीही दुरुस्तीचे गुणगान एका मर्यादेपलीकडे नेणे धोक्याचे ठरेल. तीच गाडी तीनदा खोलून, दर वेळी ‘एवढा खर्च केलाच आहे’ म्हणत पुढचा पैसा ओतणारे मालक गावातही आहेत आणि शहरातही. झालेला खर्च परत येत नसतो, म्हणून तो पुढच्या निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी आणि नूतनीकरण आलेच व त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपयांवर गेले. तेरा वर्षांच्या, पत्रा गंजलेल्या गाडीत उत्तम बांधलेले इंजिन बसवणे म्हणजे इंजिनाच्या आयुष्याला गाडीच्या आयुष्याने कात्री लावणे होय.

म्हणून या निर्णयात प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा ठरतो : आधी बिघाडाचे कारण, मग मोजलेली झीज, मग गाडीच्या उरलेल्या शरीराचे आयुष्य आणि शेवटी किंमत. किंमत पहिल्यांदा विचारणारा मालक बहुधा सर्वांत स्वस्त वाट पकडतो आणि कारण तसेच राहिल्याने ती दुसऱ्यांदा चालावी लागते. ज्याने कारण शोधून दूर केले, त्याने इंजिन बांधले काय किंवा बदलले काय, दोन्ही निर्णय निभावतात. आणि ज्या गाडीचा सांगाडाच साथ देणार नाही, ती वेळेवर सोडून देणे हेही तितकेच जबाबदार काम आहे.