पाण्याची पारख

चैत्रात कोकणातले ओढे कोरडे ठणठणीत पडतात, तेव्हाही कोलाडजवळची कुंडलिका सकाळी खळाळून वाहते. हे पाणी तिचं स्वतःचं नाही. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. १९२७ पासून ते तिथे वीज करतं आणि मग कुंडलिकेला मिळतं. एरवी भीमेतून कृष्णेकडे, पार पूर्व समुद्राला गेलं असतं असं गेल्या पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यात आमच्या कयाक होड्यांखाली येतं. ते कधी आणि किती यायचं, हे विजेच्या गरजेवर ठरतं. पावसाळ्यात डोंगराचं पाणीही त्यात मिसळतं आणि सगळेच अंदाज बदलतात.

नदीवर आलेला प्रत्येक जण विचारतो, पाणी किती आहे? मला आधी हवं असतं ते चढतंय की उतरतंय. खडकावर पाण्याच्या वर वीतभर ओला पट्टा असेल, आणि तो लाटांच्या शिंतोड्यांचा नसेल, तर पाणी उतरतंय. खडक अगदी पाण्यापर्यंत कोरडा असेल आणि धारेतून काटक्या, पालापाचोळा येऊ लागला असेल, तर चढतंय. मी पाण्याच्या कडेला एक काडी रोवतो, हेल्मेट-जॅकेट चढवतो आणि मग पुन्हा काडीकडे बघतो.

पाणी वाढलं की नदी अवघडच होते असं नाही. ती वेगळी होते. कमी पाण्यात उघडे पडलेले खडक चुकवत जावं लागतं. तेच खडक बुडाले की पाणी त्यांच्यावरून कोसळून मागे उलटं फिरतं. अशा होलमध्ये कयाक अडकून राहू शकते. आणखी चढलं की काही होल बुजतात, पण काठाजवळच्या थांबायच्या जागाही जातात आणि धार झाडांच्या फांद्यांत शिरते. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. मुरलेल्याला ज्या पातळीवर मजा येते, तिथे नवख्याच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून पातळीचा आकडा एकट्याने काही ठरवत नाही. आज उतरणारे कोण आहेत, कोणी उलटला तर त्याला कुठे गाठता येईल, हे त्या आकड्याशेजारी मांडावं लागतं. नव्या मुलांच्या हाती वल्हं देण्याआधी मी त्यांना काठाने चालायला लावतो. त्यांच्यातलं कुणी सगळं नीट बघून ‘आज नको’ म्हणालं, तर शिकवणं सार्थकी लागलं असं मी मानतो.