रास अल खोरची डिसेंबर बैठक

डिसेंबर उजाडला की पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचे वारे वाहू लागतात. कोण रंगलं, कोण पडलं, कुणी उगाच वेळ खाल्ला, यावर निदान महिनाभर वाद चालतात. हे वाद घालण्याची खोड आम्ही काही मंडळींनी दुबईला येताना लोणच्याच्या बरणीबरोबर सामानात बांधून आणली. फरक एवढाच, की आमचा ‘सवाई’ रास अल खोरच्या औद्योगिक वसाहतीत, एअर कंडिशनिंगचे डक्ट बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर भरतो आणि तिथे खयाल-ठुमरी नव्हे, तर प्रोग्रेसिव्ह रॉक वाजतं.

आता नाक मुरडू नका! आमच्या घरातही ते मुरडून झालेलं आहे. आमची सौ. या बैठकीला ‘ढणढणाट मंडळ’ म्हणते. पण खरं सांगायचं तर हे संगीत आपल्या लोकांना परकं वाटायचं कारण नाही. तीन मिनिटांचं गाणं यांना पुरत नाही. १९७२ साली ‘येस’ या इंग्लिश बँडने ‘क्लोज टू द एज’ नावाची रचना केली, तिने रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापली. त्याच वर्षी ‘जेथ्रो टल’ने ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच रचना वाजवली. पिंक फ्लॉइडचं १९७३ सालचं ‘मनी’ हे गाणं बरंचसं सात मात्रांत आहे. म्हणजे आपला रूपकच म्हणा ना! गिटारवाला मध्येच चार-चारच्या चालीत शिरतो आणि मग पुन्हा सातावर येतो. लहानपणी शेजारच्या तबल्याच्या क्लासमुळे ज्याच्या कानावर ‘तीं तीं ना’ पडत आलं, त्याला हे ऐकताना घरी आल्यासारखंच वाटतं.

आम्ही चौघे. नावं कशाला हवीत, गावांवरूनच आम्ही एकमेकांना हाक मारतो. वर्कशॉपचे मॅनेजर कोल्हापूरकर हे आमचे तहहयात अध्यक्ष. वयाने सर्वांत मोठे. १९९६ साली दुबईत आले, तेव्हापासून पत्र्यातच आहेत. बँकेतले पार्लेकर, सल्लागार कंपनीतले नागपूरकर, आणि प्रस्तुत लेखक म्हणजे आम्ही, पुणेकर. आमचा पोटापाण्याचा धंदा मोठा गमतीचा आहे. आम्ही इंग्लंडात जाऊन ध्वनी आणि कंपन या विषयात एम.एस्सी. केलं, आणि तेव्हापासून इमारतींतल्या पंख्यांचा, पंपांचा, चिलरचा आवाज मोजत आणि तो कमी कसा करावा याचे रिपोर्ट लिहीत फिरतो आहोत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आमच्यावरच उलटणार आहे.

रास अल खोर म्हणजे खाडीचं टोक. जागा मोठी विलक्षण आहे. एका अंगाला पाणथळ अभयारण्य. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांच्या गुलाबी रेषेमागे बुर्ज खलिफा उभा दिसतो. २००७ पासून ही जागा रामसर यादीतही आहे. दुसऱ्या अंगाला गॅरेजं, गोदामं, जुन्या गाड्यांचा बाजार. आमची बैठक अर्थातच या दुसऱ्या अंगाला. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप बंद असतं, मालकांची परवानगी आहे, आणि शेजारी भिंत ठोकत नाहीत, कारण शेजारी टायरचं गोदाम आहे. पूर्वी आम्ही शुक्रवारी जमायचो. २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, तशी बैठकही शनिवारी गेली.

नियम कडक आहेत. प्रत्येकाने त्या वर्षी निघालेला एकच अल्बम आणायचा. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मध्ये बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. वहिनींनी दिलेली भडंग फक्त दोन अल्बमच्या मध्ये खायची, कारण ती खाताना आवाज होतो. शेवटी मतदान. प्रत्येकाला खजुराच्या तीन बिया. अल्बमपुढे स्टीलची वाटी, तिच्यात बी टाकायची. स्वतःच्या वाटीत टाकायची नाही. बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत निर्णायक. एवढ्याशा मतदानासाठी आम्ही भांडलो किती, विचारू नका! आणि भांडण कुठल्याही वर्षाचं असो, ते शेवटी १९७३ वर जाऊन थांबणार. “हे ठीक आहे, पण ‘डार्क साइड ऑफ द मून’पुढे काय?” असं कोल्हापूरकर म्हणाले की सभा बरखास्त.

तर गोष्ट २०२३ च्या बैठकीची. नागपूरकरांनी पीटर गेब्रिएलचा ‘आय/ओ’ आणला होता. या बुवांनी वर्षभर दर पौर्णिमेला एक गाणं बाहेर काढलं, आणि त्याच गाण्याची दुसरी मांडणी अमावास्येच्या सुमारास. शेवटी अल्बम आला तोही दोन रूपांत. ‘ब्राइट-साइड मिक्स’ आणि ‘डार्क-साइड मिक्स’. गाणी तीच, वाजवणारे तेच, पण दोन वेगळ्या तंत्रज्ञांनी त्यांची मिसळण दोन तऱ्हांनी केलेली. नागपूरकरांनी दोन्ही ऐकवली. कोल्हापूरकर म्हणाले, “दोन्हीत फरक काय हाय? तेच की ओ! उगंच दोनदा पैसे काढायचा धंदा.”

झालं! वादाला तोंड फुटलं. पार्लेकर म्हणाले फरक आहे, आम्ही शास्त्रीय कारणं दिली, आणि नागपूरकरांना परीक्षा सुचली. अध्यक्षांनी पाठ करून बसायचं, दहा तुकडे वाजवायचे, प्रत्येक वेळी त्यांनी ‘पौर्णिमा’ की ‘अमावास्या’ सांगायचं. कोल्हापूरकरांनी दहापैकी चार बरोबर सांगितले. नाणं उडवलं असतं तरी पाचच्या आसपास आले असते! आम्ही हसून हसून लोळलो. नागपूरकर म्हणाले, “भाऊ, कान साफ करून घ्या बा एकदा.” कोल्हापूरकरही हसले. मग उठले, मतदान व्हायच्या आधीच वाट्या गोळा केल्या, आणि खाली नळावर जाऊन धुऊन आणल्या. त्या वर्षी मतदान झालंच नाही. आम्हाला वाटलं, हरले म्हणून रुसले.

२०२४ च्या डिसेंबरात त्यांचा फोन आला नाही. आम्ही केला, तर म्हणाले, “यंदा काम लई हाय.” आम्ही तेवढ्यावर गप्प बसलो. प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणीतरी विचारेल. आठवडाभराने वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, “भावजी, त्या दिवसापासून ह्यांनी घरात गाणं लावलं नाही. वर्ष झालं. तुमच्यात काही बिनसलं का?”

मग हळूहळू बाहेर आलं. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. दाराची बेल ऐकू येत नव्हती. शिकायला भारतात असलेली मुलगी फोनवर “सात” म्हणाली की हे “हात” ऐकत. घरच्यांना वाटे, यांचं लक्ष नसतं. यांना मात्र तीन-चार वर्षांपासून संशय होता. आमच्या त्या परीक्षेने संशयाची खात्री झाली, एवढंच. डॉक्टरकडे मात्र गेले नाहीत. का गेले नाहीत, हे आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायची गरज नसावी. साइटवरच्या माणसाला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवणार? नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, आणि मुलीची फी अजून दोन वर्षं भरायची आहे. हा हिशेब त्यांनी एकट्याने मांडला होता.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. कारण, वाचकहो, त्या वर्कशॉपचा आवाज आम्ही स्वतः मोजलेला होता! दोन वर्षांपूर्वी, मैत्रीखातर, फुकट. पत्रा ठोकताना आणि ग्राइंडर चालू असताना शंभर डेसिबलच्या वर. आमच्या धंद्यातला एक प्रचलित नियम असा, की ८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तास काम करावं, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जावं. या हिशेबाने शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. आम्ही रिपोर्ट लिहिला, कामगारांना कानावर मफ बसवायला सांगितलं, कोल्हापूरकरांनी ते इमानाने बसवलेही. स्वतःचा मफ मात्र गळ्यात सोन्याच्या साखळीसारखा अडकवून फिरायचे, कारण दर मिनिटाला कुणाशी तरी बोलायचं असे. आम्ही यंत्रं मोजली, पण माणूस मोजला नाही.

आणि खुणा किती होत्या! आवाजाने होणारी बधिरता बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. गाणाऱ्याचा मूळ स्वर हजाराच्या वर क्वचितच जातो. म्हणून गाणं ऐकू येत राहतं, माणसाला वाटतं आपलं सगळं ठीक आहे. जातं ते काय? स, श, फ ही व्यंजनं जातात. झांजेची झळाळी जाते. तंबोऱ्याच्या जवारीतली चमक जाते. कोल्हापूरकर दोन-तीन वर्षं कुरकुरत होते, की हल्लीच्या रेकॉर्डिंगांत तंबोरा झोपलेला असतो, हल्लीचे ड्रमवाले झांजेला हात लावत नाहीत. आम्ही मात्र त्यावर त्यांच्याशी वाद घातले, नव्या-जुन्या रेकॉर्डिंग तंत्राची व्याख्यानं झोडली. ज्या विषयात एम.एस्सी. केलं तो विषय समोर बसून भडंग खात होता आणि आम्हाला ओळखता आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. नागपूरकर एरवी गप्प बसणारा प्राणी नव्हे, पण त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, माझी अपॉइंटमेंट आहे कान तपासायची. एकट्याला जावंसं वाटत नाही. चला ना!” खरं तर अपॉइंटमेंट चौघांची होती. चौघेही गेलो, एकेक करून त्या काचेच्या खोलीत बसलो, ‘टिक’ ऐकू आलं की बटण दाबलं. कोल्हापूरकरांचा आलेख चार हजारावर दरीसारखा खाली कोसळलेला. आणि गंमत म्हणजे पार्लेकरांच्या एका कानालाही छोटी दरी निघाली. तरुणपणी हेडफोनवर कर्कश ऐकल्याची ती पावती असावी, असं आपलं आमचं अनुमान.

गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की मेल्या. पण यंत्राने उरलेल्याचा उपयोग करता येतो. कंपनीत सांगायचं की नाही यावर कोल्हापूरकरांच्या घरी दोन रात्री खल झाला. शेवटी त्यांनी सांगितलं. नोकरी गेली नाही. त्यांना ठोकाठोकीतून काढून खरेदीच्या टेबलावर बसवलं. पगार तोच राहिला. सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असं आम्ही म्हणणार नाही.

२०२४ ची बैठक मग २०२५ च्या जानेवारीत एका शनिवारी भरली. आम्ही ‘ओपेथ’चा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ नेला होता. एका बापाच्या मृत्युपत्राचं वाचन आणि मुलांचे वारसाहक्क, असा सगळा ऐवज. गाण्यांना नावं नाहीत, कलमांचे आकडे आहेत, फक्त शेवटच्याला नाव. शिवाय बासरीला जेथ्रो टलचे इअन अँडरसन. कोल्हापूरकरांनी डेव्हिड गिल्मरचा ‘लक अँड स्ट्रेंज’ आणला होता. त्यात एक गाणं गिल्मरची मुलगी रोमनी गाते. का आणला, ते आम्ही विचारलं नाही.

सुरुवातीला त्यांनी श्रवणयंत्रं काढून खिशात टाकली. म्हणाले, “ह्यातनं गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यागत येतंय.” ही यंत्रं मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून जुळवलेली असतात. मग पार्लेकरांनी आठवण करून दिली, की डॉक्टरांनी संगीतासाठी वेगळी जोडणी करून दिली आहे. ती लावली. पण नवा अल्बम लावू देईनात. म्हणाले, “आधी त्रेहात्तर.”

‘मनी’ लावलं. त्याची सुरुवात ठाऊक असेल तुम्हाला. नाण्यांची किणकिण, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याचा खटका, असे आवाज टेपवर जोडून केलेलं सात मात्रांचं आवर्तन. कोल्हापूरकर डोळे मिटून बसले होते. पहिल्या आवर्तनानंतर त्यांनी हात वर केला. नागपूरकरांनी घाईने बंद केलं.

“ही चिल्लर,” ते म्हणाले, “ही चिल्लर मला वाटलं, कॅसेट झिजली तशी गेली.”

पुढे कुणी काही बोललं नाही. परत पहिल्यापासून लावलं.

मतदान झालं. ओपेथ चार, गिल्मर चार, उरलेल्या चार बिया बाकीच्या दोघांत. आता अध्यक्षांचं निर्णायक मत. आम्ही वाट पाहत बसलो. ते म्हणाले, “असं कसं देऊ? पुन्हा ऐकाय लागंल. सगळंच पुन्हा ऐकाय लागंल.” तो निकाल अजून लागलेला नाही. वाट्या तशाच माळ्यावर आहेत आणि बियांवर वर्कशॉपची धूळ साचते आहे.

असो. आमच्या संगीताची आवड तुम्हाला लागावी असा आग्रह नाही. पण घरात कुणाच्या टीव्हीचा आवाज दर वर्षी एकेक घर वर चढत असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका आणि, आमच्यासारखं, हसूही नका. एकदा कान तपासून आणा. आणि त्यांना एकट्याने पाठवू नका, स्वतःही त्या काचेच्या खोलीत बसा. आमचा आलेख, विचाराल तर, ठीक आला. सौ.चं म्हणणं ते यंत्रच बिघडलेलं असणार, कारण “दळण आणा” हे आम्हाला आजही ऐकू येत नाही.