धामापूरहून निरोप

मुलांनो, मालवणला गेलं की सगळे किल्ल्याकडे धावतात. होडीत बसायचं, सिंधुदुर्ग बघायचा, मासे खायचे आणि घरी परत. या वेळी मात्र माझं ऐका. समुद्राकडे पाठ करा आणि धामापूरमार्गे कुडाळला जाणारी एसटी पकडा. कुंभारमाठ, चौके मागे पडतात, रस्ता वळणं घेत घेत झाडीत शिरतो, आणि तासाभराच्या आतच कंडक्टर ओरडतो, "धामापूर, धामापूर!"

उतरल्यावर आधी दिसते ती झाडी. माड, पोफळी, आंबे, फणस. मग भगवतीचं देऊळ, आणि देवळाच्या पायथ्याशी पसरलेला तलाव. पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडले की उठावंसंच वाटत नाही. हा तलाव निसर्गानं आयता दिलेला नाही बरं का. 1530 साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून डोंगरांच्या मध्ये बांध घातला आणि पाणी अडवलं. 2020 साली सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं जगातल्या वारसा-बांधकामांच्या यादीत त्याचं नाव घातलं.

या तलावाची एक गोष्ट सांगतात. गावात कुणाचं लग्न निघालं आणि घरात दागिने नसले, तर फुलांची परडी पाण्यात सोडायची. परडी बुडायची आणि वर येताना सोन्याचे दागिने घेऊन यायची! लग्न झालं की ते परत करायचे. पुढे कुणाला तरी मोह सुटला, त्यानं दागिने ठेवून घेतले आणि तेव्हापासून परडी रिकामीच येऊ लागली. गोष्ट खरी की खोटी, ते सोडा. मला त्यातली परडी आवडते. निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची!

हे सुचायला कारण होतं माझा मोबाईल. पायरीवर बसून घरी फोन लावत होतो, लागत नव्हता. शेजारी टेकलेले एक आजोबा हसले. म्हणाले, "हयसर रेंज गावाची नाय. वर चढावार जावा, थयसर एखादी कांडी गावात." गेलो वर. कांडी 'गावली'. पण मनात एक प्रश्न घेऊनच खाली आलो. साध्या कोरड्या दिवशी ही गत, तर वादळात काय होत असेल?

मे 2021 मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा सिंधुदुर्गानं ते अनुभवलंय. झाडं तारांवर पडली, विजेचे खांब आडवे झाले, गावंच्या गावं अंधारात गेली आणि मोबाईल मुके झाले. मुके का झाले, हे कळायला हवं असेल तर एक फोन कसा लागतो ते बघा. तुमच्या हातातल्या फोनचा आवाज जेमतेम जवळच्या टॉवरपर्यंत पोचतो. टॉवरला वीज लागते. वीज गेली की तो बॅटरीवर किंवा डिझेलवर चालतो. डिझेल आणायला रस्ता मोकळा हवा. टॉवरपासून पुढे बोलणं न्यायला जमिनीतली केबल हवी, नाहीतर दुसरा टॉवर. म्हणजे ही लांबच लांब साखळी झाली. एक कडी तुटली की संपलं.

समजा, अशाच एका रात्री एखाद्या वाडीत आजींचं इन्सुलिन संपलंय. रस्त्यावर फणस आडवा पडलाय. औषध कुडाळात आहे, पण ते हवंय हे कुडाळला सांगायचं कुणी?

इथे माझे आवडते लोक येतात. त्यांना म्हणतात हॅम. हौस म्हणून बिनतारी यंत्रावर जगभर गप्पा मारणारी ही मंडळी. हॅम हे नाव कसं पडलं याच्या बऱ्याच गोष्टी सांगतात, त्यातली एकही मला पटलेली नाही. पण त्यांच्याकडे काय असतं ते ऐका. एक यंत्र, मोटारीची 12 व्होल्टची बॅटरी आणि सुमारे 20 मीटर वायर. बस्स! टॉवर नको, केबल नको, खांब नकोत. एका हॅमच्या यंत्रातून निघालेली लहर थेट दुसऱ्या हॅमच्या यंत्रात शिरते.

"पण धामापूरच्या चारी बाजूंना डोंगर आणि पलीकडे सह्याद्री! लहर जाणार कुठून?" विचारलंत ना? शाब्बास. हातात धरायच्या छोट्या वॉकीटॉकीसारख्या यंत्राची लहर जवळजवळ नजरेच्या रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की अडलीच. म्हणून अशा खोलगट गावातला हॅम एक युक्ती करतो. तो डोंगराशी झगडतच नाही, लहर सरळ आकाशात फेकतो!

आपल्या डोक्यावर सुमारे अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक विरळ थर आहे. सूर्याच्या किरणांमुळे त्यातल्या कणांवर विद्युतभार आलेला असतो. काही ठरावीक लहरी त्याच्यावर आपटल्या की परत खाली येतात, छपरावर उडवलेला चेंडू यावा तशा. दिवसा 7 मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर वर सोडली, तर ती दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारखी सगळीकडे उतरते. मधल्या डोंगरांचा तिला पत्ताही नसतो. वर जाऊन खाली यायला तिला एका सेकंदाचा पाचशेवा भागसुद्धा पुरतो. रात्री तो थर विरळ होतो आणि हीच लहर त्यातून आरपार निघून जाण्याचा संभव असतो. मग हॅम साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरतो आणि वायरही दुप्पट लांबीची बांधतो.

आणखी गंमत म्हणजे या कामासाठी वायर माडाच्या शेंड्यावर चढवावी लागत नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा थोडी उंच, दोन पोफळींना बांधली तरी भागतं. मात्र विजा चमकत असतील तर वायरीला हातही लावायचा नाही. हॅमदेखील तेव्हा यंत्र सोडवून बाजूला ठेवतात.

हे सगळं कागदावरचं नाही. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद नावाच्या भारतीय हॅम आपल्या चमूबरोबर अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. गेल्या होत्या हौसेखातर. अंदमानातून कित्येक वर्षांत कुणी हॅम बोललेला नव्हता, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांची हाक ऐकायला टपून बसले होते. लाट आली आणि गप्पा थांबल्या. त्याच यंत्रावरून खुशालीचे निरोप जाऊ-येऊ लागले. चमूतली माणसं यंत्र घेऊन कार निकोबार बेटावर गेली आणि तिथून पोर्ट ब्लेअरशी बोलू लागली. दोहोंमधलं अंतर सुमारे 270 किलोमीटर. नकाशा काढा आणि पट्टीनं मोजा. धामापूर ते पुणे सरळ रेषेत जवळपास तेवढंच भरेल!

आपल्या किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि भुजला 26 जानेवारी 2001 ला. दोन्ही ठिकाणी हॅम मंडळी बॅटऱ्या आणि वायरी घेऊन मदतीला पोचली होती.

यंत्र विकत मिळतं. मिळत नाही ती सवय, आणि ती वादळ येण्याआधीच करून ठेवावी लागते. एका वेळी एकानंच बोलायचं, बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. आधी ऐकायचं, मग बोलायचं. (हे घरात जमतं का, आईला विचारा!) निरोप आखूड हवा: कुठून, किती माणसं, काय हवंय. ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. आकडे तर फारच जपून सांगायचे. खरखरीत 'अठ्ठावीस' आणि 'अठ्ठावन्न' यांत कितीसा फरक उरतो? म्हणून 'दोन, आठ' असं सुटं सुटं सांगायचं. इन्सुलिनच्या बाटलीवरचा आकडा चुकला तर काय होईल, विचार करा.

हॅमला सरकारी परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा असते. थोडी विजेची आणि रेडिओची माहिती, थोडे नियम, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सचा 'डा-डिट'. वय निदान 12 वर्षं हवं, म्हणजे तुमच्यातले सातवी-आठवीतले बरेचजण बसू शकतात! पास झालात की स्वतःची खूण मिळते. ती 'व्हीयू टू' किंवा 'व्हीयू थ्री'नं सुरू होते, आणि जगात दुसऱ्या कुणाचीही तशी नसते. परवान्याशिवाय मात्र बोलायचं बटण दाबायचं नाही. आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे. ही परीक्षा मुलांबरोबर तुम्हीही देऊ शकता.

परतीची एसटी यायला वेळ असेल तर पायरीवर बसून एक खेळ खेळा. खरखरीत अक्षरं चुकू नयेत म्हणून हॅम इंग्रजी अक्षरांना नावं देतात. धामापूर असं सांगतात: डेल्टा, होटेल, अल्फा, माईक, अल्फा, पापा, युनिफॉर्म, रोमिओ. मालवण म्हणजे माईक, अल्फा, लिमा, व्हिक्टर, अल्फा, नोव्हेंबर. आता ओळखा हे कुठलं गाव: किलो, युनिफॉर्म, डेल्टा, अल्फा, लिमा.

ओळखलंत? चला, तिकडचीच एसटी आली.